नेम, सूचना आणि बैठक : रायगड किनाऱ्यावरच्या शिस्तीचा इतिहास

संमोहनाच्या साहाय्याने मनाला शिस्त लावावी, वाईट सवय सोडवावी आणि चांगली जडवावी, ही कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकात आकाराला आली. रायगडच्या किनाऱ्यावर हेच काम त्याआधी कितीतरी पिढ्या नेम करत आला होता. नेमात दिवस ठरलेला असे, कृती ठरलेली असे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारी माणसे आजूबाजूला असत. पुढे १९४३ मध्ये रेवदंड्याच्या एका निरूपणकाराने या जुन्या सामग्रीतून आठवड्याची बैठक उभी केली. बैठकीला संमोहन म्हणता येणार नाही. मात्र वारंवार कानावर पडलेली सूचना माणसाच्या वागण्यात कशी उतरते, हा संमोहनाच्या अभ्यासकांना पडलेला प्रश्न बैठकीच्या मुळाशीही आहे.

या किनाऱ्यावरचा सर्वांत चिवट नेम बेने इस्रायल समाजाचा. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली गेली, माणसे मराठी बोलू लागली, गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे लावू लागली. धंदा तेलाच्या घाण्याचा. एवढे सगळे बदलले तरी शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा शिरस्ता मोडला नाही, आणि म्हणून आसपासचे लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही निर्बंध एवढेच या शिरस्त्याच्या जोडीला टिकले होते. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या धर्मशिक्षकाने यांच्यातले ज्यूपण ओळखले आणि त्यांना धर्मशिक्षण दिले, असे ही परंपरा सांगते. रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग १८४२ चे आणि अलिबागचे मागेन अबोथ १८४८ चे. म्हणजे प्रार्थनामंदिर उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून आठवड्यातला एक दिवस पाळला जात होता. घाणा चालू असला की बैल फिरतो, लाकूड करकरते, सगळ्या आळीला ऐकू जाते. तो थांबला की तेही सगळ्या आळीला कळते. असा नेम लपूनछपून मोडता येत नाही, आणि तो टिकण्याचे निम्मे कारण कदाचित हेच असावे.

हिंदू घरांत नेमाचा हंगाम चातुर्मासाचा, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत. कोणी एखादी भाजी सोडी, कोणी एकभुक्त राही, कोणी रोज ठराविक प्रदक्षिणा घाली. मुदत सरली की उद्यापन करून नेम सोडायचा. किनाऱ्यावर ही मुदत कामाच्या चक्रातही चपखल बसे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद, भाताची लावणी उरकलेली, त्यामुळे रात्री पोथीला माणसे जमत. श्रीधरांचे ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावायचे आणि रोज ठरलेला अध्याय ऐकायचा. श्रावणात मासळी न खाण्याचा नेम कोकणात आजही पुष्कळ घरांत पाळतात. श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशीची अमावास्या गटारी म्हणून कशी साजरी होते, हे वेगळे सांगायला नको. उद्यापासून बंद, मग आज होऊन जाऊ दे, या माणसाच्या स्वभावाला पंचांगाने दिलेली ही जागा मोठी समंजस म्हटली पाहिजे.

पेण, उरण, पनवेल, अलिबाग या भागांतल्या आगरी आणि कोळी गावांत वारकरी पंथाने नेमाला कायमचे रूप दिले. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मांसमच्छी सुटली. मासळीवर जगणाऱ्या गावात मासळी सोडणे ही साधी गोष्ट नव्हे. माळ घालणे हा जाहीर करार असतो. माळकऱ्याला लग्नात, हळदीत, जत्रेत कोणी आग्रह करत नाही, उलट माळ दिसूनही कोणी पेला पुढे केलाच तर बाकीचे त्याला गप्प करतात. म्हणजे मोहाच्या क्षणी निर्णय घेण्याची वेळच बहुतेकदा येत नाही, कारण तो आधी घेऊन गळ्यात बांधलेला असतो. वर्षातून एकदा गावात हरिनाम सप्ताह बसतो, पहाटे काकड आरती, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि सैल पडलेला नेम पुन्हा आवळला जातो.

दारू सोडवण्याचा प्रयत्न सरकारनेही करून पाहिला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माड छेदण्यावर कर आणि परवाने आले. त्यात महसुलाची चिंता अधिक होती, आणि माडीवर पोट असलेल्या भंडारी समाजाला त्याची झळ बसली. १९४९ चा दारूबंदी कायदा खरोखर बंदीसाठीच होता. त्या काळात हातभट्टीचा धंदा किती फोफावला, हे सर्वज्ञात आहे.

रायगड जिल्ह्यातच, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांच्या आजोबांचे चांद्रायण व्रत आणि आईचे नेम यांच्या आठवणी त्यांनी पुढे सांगितल्या. त्यांतली एक नेमाचे मर्म दाखवणारी आहे. आईने, रुक्मिणीबाईंनी, देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचा नेम धरला होता. रोज बसून त्या एकेक दाणा मोजत. वडील नरहरराव विज्ञानाची आवड असलेले. त्यांनी सुचवले, एक तोळा तांदूळ घे, त्यात किती दाणे भरतात ते मोज आणि त्या हिशेबाने लाखाचे वजन काढ, हवे तर वर अर्धा तोळा जास्त घाल. आईला उत्तर सुचेना, तिने मुलाला विचारले. विनोबांनी सांगितले की हे गणित नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, म्हणून मोजायचे. वडिलांच्या हिशेबात चूक काहीच नव्हती. लाख दाणे वजनाने दहा मिनिटांत वाहून झाले असते, पण मग रोजचे बसणे राहिले नसते.

नेमामागचा विचार सर्वांत सविस्तर सापडतो तो समर्थ रामदासांकडे (१६०८–१६८१). किनाऱ्यापासून आत, महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत ‘दासबोध’ लिहिला गेला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. विस्मृतीत गेलेली ही घळ धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये शोधून काढली. २० दशक, २०० समास आणि पावणेआठ हजारांच्या आसपास ओव्या असलेला हा ग्रंथ अध्यात्माचा खरा, पण त्यात पहाटे उठून काही पाठांतर करण्यापासून आळस झटकण्यापर्यंतची दिनचर्या जागोजागी सांगितली आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर नुसता अक्षर कसे काढावे यावर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, ओळी सारख्या असाव्यात, शाई काळीभोर असावी, आणि पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत यावे, सगळे एकाच टाकाने लिहिले असे वाटावे, अशी अपेक्षा समर्थ धरतात. सातत्य ही अमूर्त गोष्ट त्यांनी कागदावर मोजता येईल अशी करून दाखवली आहे. पोथीच्या शेवटच्या पानावर हात दुखत असताना काढलेले अक्षर पहिल्या पानाशेजारी ठेवले की लिहिणाऱ्याची परीक्षा झालीच.

‘मनाचे श्लोक’ संख्येने २०५. त्यांत उपदेश करणारा आणि ऐकणारा एकच आहे, माणूस स्वतःच्या मनाला समजावतो आहे. घरोघरी दिवेलागणीला मुले हे श्लोक म्हणत, अर्थ कळण्याच्या आधी ते तोंडपाठ होत. ‘दासबोधा’त श्रवणाला भक्तीचा पहिला प्रकार म्हणून स्वतंत्र समास आहेच, शिवाय सातव्या दशकात पुन्हा दोन समास श्रवणावर खर्च केले आहेत. एकदा ऐकून भागत नाही, पुनःपुन्हा ऐकावे लागते, हा त्यांचा रोख आहे.

ऐकलेल्या शब्दाची ताकद शास्त्र म्हणून मांडणारा माणूसही कोकण किनाऱ्याचाच. त्याच्या दक्षिण टोकाकडे, गोव्यात बार्देशमधल्या कांदोळी गावी, ३१ मे १७५६ रोजी जोझे कुस्तोदियो द फारिया जन्मला. संमोहनाच्या इतिहासात तो ॲबे फारिया या नावाने ओळखला जातो. १७७१ मध्ये वडिलांबरोबर तो पोर्तुगालला गेला आणि पुढे धर्मगुरू झाला. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला असता तो गोंधळून मूक झाला, तेव्हा जवळ बसलेल्या बापाने हळूच कोकणीत सांगितले, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. समोरची बडी मंडळी म्हणजे नुसता भाजीपाला, काप बेधडक. पोराची जीभ सुटली आणि प्रवचन रंगले. गोव्यात ही गोष्ट अजून सांगतात. ती घडली तशी असो वा नसो, एका वाक्याने माणसाची भीती जाते हे पुढे ज्याने शास्त्र म्हणून मांडले, त्याच्या नावावर ती शोभते.

१८१३ मध्ये फारियाने पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. तोपर्यंत मेस्मर या वैद्याच्या अनुयायांचे म्हणणे असे की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक प्रकारचा चुंबकीय प्रवाह रोग्यात शिरतो. फारियाने तो प्रवाह साफ नाकारला. समोरच्याला खुर्चीत निवांत बसवायचे, मन एकाग्र करायला सांगायचे आणि मग ठामपणे ‘झोपा’ म्हणायचे, एवढीच त्याची रीत. झोप येते ती ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या एकाग्रतेमुळे आणि विश्वासामुळे, प्रयोग करणाऱ्याकडे कसलीही दैवी ताकद नसते, असे त्याने सांगितले. लोकांना ते पचले नाही. रंगभूमीवर त्याची टर उडवली गेली. त्याचा ग्रंथ १८१९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला. पुढे जेम्स ब्रेड या स्कॉटिश शस्त्रवैद्याने १८४३ च्या आपल्या ग्रंथातून ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा रूढ केली, आणि फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या बर्नहाइम या डॉक्टरने सूचना हाच सगळ्याचा गाभा असल्याचे मांडताना फारियाचे ऋण मान्य केले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ मध्ये उभारलेला फारियाचा पुतळा शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा. समोर कोसळणाऱ्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेला फारिया पाहून बहुतेकांना तो जादूगारच वाटतो. आयुष्यभर त्याने जे खोडून काढले, नेमके तेच पुतळ्यात आले आहे.

सूचनेचा सवयींसाठी वापर लोकप्रिय केला तो एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो नान्सीत उपचार करू लागला. प्रत्येकाला संमोहित अवस्थेत नेण्याची गरज नाही, माणूस स्वतःला सूचना देऊ शकतो, हे त्याचे म्हणणे. रोज रात्री झोपताना आणि सकाळी जाग येताच, ओठ हलतील इतपत पुटपुटत, आपण दिवसेंदिवस सुधारत आहोत अशा अर्थाचे एकच वाक्य वीस वेळा म्हणायचे. मोजण्यासाठी वीस गाठी मारलेली दोरी वापरायची. १०८ मण्यांची जपमाळ ज्या घरात होती त्या घराला या दोरीचे नवल वाटले नसते.

रेवदंड्याच्या निरूपणकाराची बैठक यापैकी कशाचाही संबंध न येता सुरू झाली. नारायण विष्णू तथा नानासाहेब धर्माधिकारी यांचा जन्म १ मार्च १९२२ चा. घराणे रेवदंड्याचे, म्हणजे जुन्या चौलचे बंदर, पोर्तुगीज तटबंदी आणि नारळी-पोफळीच्या वाड्या यांच्यामधल्या गावाचे. धर्माधिकारी हे आडनाव आंगरे घराण्याकडून मिळाले, असे सांगितले जाते. ८ ऑक्टोबर १९४३ रोजी, विजयादशमीला, नानासाहेबांनी मुंबईत गोरेगावला ‘दासबोधा’वर निरूपणाची पहिली बैठक घेतली. मुंबई निवडण्यात व्यवहार होता. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातला तरुण गिरणीत, गोदीत, कारखान्यात कामाला गेलेला होता. चाळीत राहणाऱ्या, पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दारावरून घरी जाणाऱ्या माणसाला गावचा सप्ताह आणि गावची नजर दोन्ही नव्हती. बैठकीने ती उणीव भरून काढली. तिथून ती परत किनाऱ्यावर आली आणि गावोगाव पसरली.

बैठकीची रीत साधी आहे. आठवड्यातला वार ठरलेला, वेळ ठरलेली, जागा ठरलेली. पुरुषांची बैठक वेगळी, महिलांची वेगळी, मुलांची वेगळी. येणाऱ्याला श्रीसदस्य म्हणतात. भेटल्यावर ‘जय सद्गुरू’ म्हणायचे, सतरंजीवर ओळीने बसायचे, समास ऐकायचा आणि त्याचे निरूपण ऐकायचे. शुल्क नाही. जेवणावळ, प्रसादाचा थाट, चमत्कार यांना थारा नाही. ऐकलेले घरी आचरायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी परत यायचे. व्यसन सुटलेली, कर्ज काढून लग्न करण्याचे थांबलेली, भावकीतले भांडण मिटवलेली अनेक कुटुंबे याचे श्रेय बैठकीला देतात. रायगड जिल्ह्यात (कुलाब्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झाले) असे कुटुंब ओळखीत नसलेला माणूस विरळा.

यात सूचना आहे हे उघड आहे. अधिकाराने बोलणारा निरूपणकार, शांत बसलेला समूह, ऐकण्याची आधीपासूनची तयारी, तीच तीच शिकवण वर्षानुवर्षे. फारियाने सांगितलेल्या दोन्ही अटी, एकाग्रता आणि विश्वास, इथे पुऱ्या होतात. संमोहनातली तंद्री तेवढी नाही, आणि तिची फारशी गरजही पडत नाही असे दिसते. सवय लावण्याचे काम ठरलेला वार करतो, सोबतची माणसे करतात, आणि गैरहजर राहिल्यास पुढच्या खेपेला होणारी विचारपूस करते.

महाराष्ट्रात खुद्द संमोहन सर्वसामान्यांपर्यंत नेले ते अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्यांनी, हा योगायोग गमतीचा. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव हे स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतात. अंगात येणे, भानामती, बुवांची मोहिनी यांमागे सूचनेचा हात कसा असतो हे समजावून सांगायचे, आणि तीच सूचना अभ्यास, आत्मविश्वास, व्यसनमुक्ती यांसाठी स्वतः कशी वापरावी हे शिकवायचे, असा हा मार्ग. डोळे मिटून, अंग सैल सोडून, मोजक्या शब्दांत स्वतःला सूचना द्यायची आणि रोज ठरल्या वेळी ती परत द्यायची. हेही शेवटी नेमावरच येऊन थांबते.

संमोहनाने नेमके किती साधते याचा पडताळा संशोधकांनी घेतला आहे. सगळी माणसे सारखी सूचनाक्षम नसतात. हे मोजण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्ये मापनश्रेणी तयार झाली, आणि गाढ संमोहित होणारे थोडेच निघतात असे आढळले. शस्त्रक्रियेतली वेदना, आतड्यांचे काही विकार यांत संमोहनाचा उपयोग बऱ्यापैकी दिसतो. धूम्रपान सोडवण्याबाबत मात्र कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात, इतर उपायांपेक्षा संमोहन सरस आहे असे म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही. याउलट सवय कशी जडते यावर लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमाच्या बाजूने बोलतो. न्याहारीनंतर पाणी पिणे किंवा जेवणाआधी चालणे, अशी एक कृती ठराविक प्रसंगाला जोडून रोज करायला सांगितली होती. ती आपोआप घडू लागायला लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मध्यक ६६ दिवस. एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडले नाही. चातुर्मासाचे चार महिने ज्यांनी ठरवले त्यांनी प्रयोगशाळेविना बराच बरोबर अंदाज बांधला होता.

नानासाहेब ८ जुलै २००८ रोजी गेले. त्या वर्षीचा ‘महाराष्ट्र भूषण’ त्यांना मरणोत्तर जाहीर झाला. पुढची धुरा पुत्र दत्तात्रेय तथा आप्पासाहेब यांच्याकडे आली, त्यांना २०१७ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. या काळात बैठकीची शिस्त सभागृहाबाहेर दिसू लागली. एकाच सकाळी अनेक शहरांत हजारो श्रीसदस्य झाडू, फावडी, घमेली घेऊन उतरत, नाले, स्मशाने, सरकारी कार्यालयांची आवारे साफ करत आणि कचरा भरून झाला की घरी जात. झाडे लावण्यापाठोपाठ ती जगवण्याची पाळी लावलेली असे, विहिरी-तळ्यांतला गाळ उपसला जाई. वर्षानुवर्षे ठरल्या वेळी येऊन ओळीत बसण्याचा सराव असलेली माणसे अशा कामाला अर्ध्या शब्दावर लागतात.

त्याच सवयीचा दुसरा चेहरा १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला दिसला. आप्पासाहेबांना ‘महाराष्ट्र भूषण’ देण्याचा सरकारी सोहळा उघड्या मैदानावर, भर उन्हात झाला. लाखो श्रीसदस्य आले आणि डोक्यावर छप्पर नसताना कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिले. उष्माघाताने १४ जण दगावले. इतक्या आज्ञाधारक समुदायासाठी सावलीची आणि वेळेची काळजी बोलावणाऱ्यानेच घ्यायला हवी होती, कारण हे लोक स्वतःहून उठून जाणारे नव्हते. दुर्घटनेनंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास राज्य सरकारने मनाई केली.